सेल्फ मारत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी एवढं तपासा

गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपासून माझा फोन वाजायला लागतो. मुंबई-पुण्याहून गावी आलेली मंडळी परतीला निघालेली असतात. सामान डिकीत भरलेलं, पोरं मागच्या सीटवर पेंगत असलेली, आजी हातावर दही ठेवून निरोप देऊन झालेली, आणि गाडी मात्र जागची हलत नाही. आठ दिवस अंगणात पावसात उभी होती ना. फोनवर बहुतेकांचं वाक्य ठरलेलं असतं, "दादा, बॅटरी बसली. येताना नवीच घेऊन या."

मी चिपळूणला गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. आधी एसटीच्या बसगाड्यांवर चोवीस व्होल्टचं काम शिकलो, मग स्वतःचं दुकान टाकलं. लहान गाड्यांवर आता बावीस वर्षं झाली. त्या पहाटे मी नवी बॅटरी घेऊन निघत नाही. पिशवीत मीटर, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, जम्पर केबल आणि घरी बनवलेला टेस्ट लॅम्प एवढंच असतं. बऱ्याच गाड्या त्याच जुन्या बॅटरीवर मुंबई गाठतात. चार-पाच हजार रुपये वाचतात हा एक भाग झाला. त्याहून वाईट म्हणजे नवी बॅटरी टाकली, गाडी चालू झाली, सगळे निघाले, आणि मूळ दोष तसाच राहिल्यामुळे घाटातल्या चहाच्या टपरीवर गाडी परत बंद पडली, असं होतं. हे होऊ नये म्हणून लिहितोय.

आधी कान द्या

चावी फिरवल्यावर नेमकं काय ऐकू आलं, त्यात अर्धं निदान असतं. म्हणून बॉनेट उघडण्याआधी हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आणा, पंखा-एसी-रेडिओ बंद करा आणि काच खाली करून एकदा शांतपणे चावी फिरवा.

डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, तर बॅटरी पार उतरली आहे, टर्मिनल (बॅटरीला केबल जोडणारी पकड) सुटलंय किंवा बॅटरीजवळचा मोठा फ्यूज गेलाय. दिवे लागले, पण चावी पुढे नेताच ते मंदावून भरभर टिकटिकटिक असा आवाज आला, तर करंट पुरत नाही. बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. सेल्फवरचा, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरवरचा, सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा स्विच) ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. ती टिकटिक या ओढाताणीची असते.

एकच जोरात 'खट्' झालं आणि पुढे शांतता, तर सोलेनॉइड काम करतोय पण मोटर फिरत नाही. इथे सेल्फचे कार्बन ब्रश, आतले तांब्याचे पॉइंट, जाड केबल किंवा अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी) यांच्यावर संशय घ्यायचा. दिवे झक्क आणि आवाज मुळीच नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. 'झुंईऽऽ' असा सेल्फ एकटाच फिरतोय आणि इंजिन ढिम्म, तर बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक) फ्लायव्हीलला (इंजिनच्या मोठ्या चाकाला) पकडत नाही. त्यासाठी सेल्फ उतरवावाच लागतो, अंगणात होणारं ते काम नाही.

आणि इंजिन नेहमीच्या जोमात फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीला आणि सेल्फला दोष देऊ नका. तो प्रकार वेगळा, त्याकडे पुढे येतो.

आवाजावरून नक्की कळत नसेल तर गाडी भिंतीसमोर असताना हेडलाइट लावा, घरातल्या कुणाला तरी चावी मारायला सांगा आणि भिंतीवरच्या उजेडाकडे बघा. चावी मारताच उजेड पिवळा पडून विझायला आला, तर करंट ओढला जातोय पण बॅटरीला तो झेपत नाही किंवा तिच्या टर्मिनलवर अडथळा आहे. उजेड तसूभरही हलला नाही, तर सेल्फकडे करंट जातच नाही. एक रुपया खर्च न करता होणारी ही सगळ्यात चांगली चाचणी आहे.

टर्मिनल

हातातली अंगठी, कडं, बांगडी काढून ठेवा. बॅटरीजवळ विडी-सिगरेट नको, काडी तर नकोच. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो.

टर्मिनल हाताने पिळून बघा. नुसत्या हाताने जरा जरी फिरलं तर तिथेच दोष सापडला समजा. पांढरी-हिरवट पूड साठली असेल तर टर्मिनल काढून साफ करायचं. काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस, मग मायनस. हा क्रम उगाच पाठ करायचा म्हणून नाही. मायनस बॉडीला जोडलेला असतो. तो जागेवर असताना तुम्ही प्लसचा नट खोलायला घेतला आणि पान्याची शेपटी बॉडीला टेकली, की बॅटरीचा सगळा करंट पान्यातून जातो. पाना लाल होऊन चिकटलेला मी पाहिलाय. अंगठी घातलेलं बोट तिथे असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

पूड धुवायला गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, आतलं ॲसिड मरतं. पुसून कोरडं झालं की पोस्ट (बॅटरीवरचा शिशाचा खुंट) आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. वरून स्वच्छ दिसणारं टर्मिनल आतून काळं असतं, आणि पकड तर आतच असते. टर्मिनल घट्ट बसवून झालं की वरून व्हॅसलिनचा हात द्या. आधी लावू नका.

पाणी घालायची झाकणं असलेली बॅटरी असेल तर पातळी बघा. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. फिल्टरचं पाणी चालेल का, असं दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतं. नाही चालत.

मीटर काय सांगतो

साधा डिजिटल मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. गाडी घेतलीत तेव्हाच घ्यायला हवा होता. डीसी २० व्होल्टच्या खुणेवर लावा, लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या पोस्टवर आणि काळं मायनसच्या पोस्टवर. टर्मिनलच्या पट्टीवर नको, पोस्टवरच.

रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे तळ दिसायला लागला. ११.८ किंवा खाली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकी चर्चा.

पण नुसत्या उभ्या आकड्यावर विश्वास ठेवून फसलेले लोक मी खूप पाहिलेत. आतून पार संपलेली बॅटरीही सकाळी १२.५ दाखवते. खरं रूप कळतं ते भार आल्यावर. म्हणून मीटर तसाच लावून ठेवा आणि दुसऱ्याला चावी मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या वर टिकला पाहिजे. आधी १२.५ असताना चावी मारताच ८ किंवा ७ वर आला आणि इंजिनही फिरेना, तर बॅटरी गेली, बहुतेक एखादा सेल मेला. (सेल्फ आतून जाम असेल तरीही असंच होतं. म्हणून दुसऱ्या चांगल्या बॅटरीवर एकदा खात्री करायची.) बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर तिच्याशी भांडू नका, बदला.

आणि आकडा फारसा खाली आलाच नाही, तरीही सेल्फ रडतखडत फिरतोय, तर? मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते इथेच.

करंट गेला, पण परत आला का?

बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट जाड केबलने सेल्फला जातो, हे सगळ्यांना दिसतं. तो करंट परत बॅटरीच्या मायनसला यावा लागतो, हे मात्र कुणाच्या डोळ्यासमोर नसतं, कारण परतीला लांबलचक केबल नसते. सेल्फ इंजिनवर बसलेला असतो. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये रबराचे माउंटिंग असतात आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला किंवा थेट बॅटरीच्या मायनसला एक अर्थ केबल असते. काही गाड्यांत ती तांब्याच्या जाळीची विणलेली पट्टी असते. ती बहुधा खालच्या अंगाला असते, चिखल आणि पाणी उडतं तिथेच. आमच्याकडे किनाऱ्यालगत खारी हवा, चार महिने पाऊस. तिथे ती पट्टी किती टिकणार?

गुहागरकडच्या एका मास्तरांची लहान पेट्रोल गाडी अशीच आली होती. वर्षभरात दोन नव्या बॅटऱ्या, सेल्फचं एकदा काम, तरी सकाळी गाडी 'घुर्रर्... घुर्र...' करून थांबायची. मास्तर म्हणाले, "हल्ली तर चावी मारली की कसला तरी जळका वास येतो." त्या वासाने मला दिशा मिळाली.

मीटर लावला. उभी बॅटरी १२.६. चावी मारली तेव्हा पोस्टवर ११.६. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लस पोस्टवर आणि काळं टोक सेल्फच्या जाड नटावर ठेवून चावी मारायला सांगितलं. मीटरने ०.३ दाखवलं. जाताना केबलमध्ये ०.३ व्होल्टच खर्च होतंय, ही वाट साफ आहे. मग एक टोक बॅटरीच्या मायनस पोस्टवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग-तेल-गंज नसलेल्या जागी, रोवून धरलं. चावी मारली. ४.१ व्होल्ट.

आता हिशोब करा. ११.६ मधून जाताना ०.३ गेले, परत येताना ४.१ गेले. सेल्फच्या वाट्याला उरले ७.२. बारा व्होल्टचा सेल्फ ७.२ वर रडणार नाही तर काय करणार? तिसरी बॅटरी टाकली असती तरी तो रडलाच असता.

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले आणि बॅटरीची छोटी केबल, मग बॉडी, मग गिअरबॉक्सची पट्टी असं क्रमाने बघत गेलो. पट्टी बाहेरून काळपट पण अखंड दिसत होती. बोल्ट खोलून हातात घेतली आणि जरा वाकवली, तर आतून हिरवी भुकटी गळली आणि निम्म्याहून जास्त तारा तुटून हातात आल्या. जळका वास क्लच केबलचा होता. सेल्फच्या करंटला परतीची धड वाट मिळेना, म्हणून तो क्लचच्या पोलादी केबलमधून बॉडीकडे यायचा आणि तिचं प्लॅस्टिकचं आवरण तापवायचा. अजून काही महिने गेले असते तर क्लच केबल रस्त्यात तुटली असती, आणि तो वेगळाच दोष समजून वेगळाच खर्च झाला असता.

नवी जाड केबल टाकली, दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज धातू दिसेपर्यंत घासला, घट्ट आवळून वर ग्रीस लावलं. परत मोजलं तेव्हा ०.१५ आलं. मास्तरांनी अर्धी चावी फिरवली असेल नसेल, गाडी चालू. तेही क्षणभर स्टिअरिंगला धरून तसेच बसून राहिले.

हे सगळं असताना हेडलाइट मात्र छान कसे लागतात, असं लोक विचारतात. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे ॲम्पिअर सहज मागतो, डिझेलचा त्याहून जास्त. एखाद्या खराब सांध्यात ०.०२ ओहम एवढाच अडथळा आहे असं धरा. दीडशे ॲम्पिअर त्यातून गेले तर तिथेच ३ व्होल्ट खाल्ले जातात. ५५ वॅटच्या हेडलाइटच्या बल्बला पाच ॲम्पिअरही लागत नाहीत. तेवढा करंट त्याच सांध्यातून गेला तर नुकसान जेमतेम ०.१ व्होल्ट. डोळ्याला दिसतसुद्धा नाही. म्हणून "लाइट लागतात, म्हणजे कनेक्शन ठीक" असं म्हणणारा माणूस चुकतो. इंजिनकडून मायनसला येताना ०.३ च्या वर आणि प्लसकडून सेल्फला जाताना ०.५ च्या वर आकडा आला, तर त्या वाटेवरचा एकेक सांधा खोलून घासा.

मीटर नसेल आणि अर्थचाच संशय असेल, तर जम्परच्या काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून चावी मारा. केबल पंखा-बेल्टपासून लांब ठेवा. गाडी झटक्यात चालू झाली तर दोष सापडला.

आवाजच नाही, तेव्हा

दिवे झक्क, सेल्फ गप्प. आधी फुकटच्या गोष्टी. ऑटोमॅटिक गाडी असेल तर 'पी'मधून 'एन'ला आणून चावी मारा. गिअर लिव्हरच्या खालचा स्विच झिजला की गाडीला वाटतं, गिअर पडलेलाच आहे. बऱ्याच नव्या मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि पायाखालची चटई सरकून पेडलमागे अडकली तर क्लच पूर्ण दाबला जात नाही. अलोऱ्याला एका घरी चटई बाहेर काढून परत आलो होतो, दुसरं काहीच केलं नाही. बटनवाली गाडी असेल आणि ती चावी ओळखत नसेल, तर चावीचा सेल उतरलेला असू शकतो. बऱ्याच गाड्यांत चावी थेट बटनाला टेकवून बटन दाबलं की चालतं.

मग फ्यूज आणि रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच). फ्यूज वरवर बघून "ठीक दिसतोय" म्हणू नका. टेस्ट लॅम्पचं एक टोक मायनसला लावून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या ठिपक्यांना दुसरं टोक लावा. चावी ऑन असताना दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर गेलेला. टेस्ट लॅम्प म्हणजे मागच्या ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. मी मीटरइतकाच त्याला मानतो, कारण तो पावणेदोन ॲम्पिअर खातो. कुजलेल्या वायरीच्या एकाच उरलेल्या तारेवर मीटर खुशाल बारा व्होल्ट दाखवतो, पण बल्ब पेटत नाही. फक्त कॉम्प्युटरच्या वायरींना आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हा बल्ब कधीही लावायचा नाही.

गेलेला फ्यूज त्याच आकड्याचा टाका. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० ॲम्पिअर. नवा लगेच उडाला तर पुढे कुठेतरी वायर बॉडीला टेकतेय. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालून तिला गप्प करू नका. फ्यूज वाचतो आणि वायरिंग पेटतं.

सेल्फच्या रिलेवर जो नंबर असतो, तोच नंबर हॉर्नच्या रिलेवर असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा. रिले बदलूनही काही नाही, तर सेल्फवरच्या बारीक वायरीचा क्लिप काढून टेस्ट लॅम्प लावा आणि चावी मारायला सांगा. बल्ब लागला तर हुकूम पोचतोय, सेल्फ खराब आहे. नाही लागला तर दोष मागे आहे, इग्निशन स्विच, वायर, नाहीतर इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा).

पावसाळ्यात या वायरीचा पहिला शत्रू उंदीर. शेतात पाणी भरलं की तो उबेला बॉनेटखाली येतो. बॅटरीच्या ट्रेवर लेंड्या किंवा कुरतडलेला फोम दिसला तर वायरिंगवरून बोट फिरवत जा. तुटलेली वायर पिळून काळी टेप गुंडाळली तर महिन्याभरात तिथे पाणी शिरतं. तारा स्वच्छ करून सोल्डर करा, वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा आणि तो सांधा हलणार नाही असा बांधून टाका.

सेल्फवर हातोडीच्या दांड्याने हलके ठोके मारले की कधी कधी गाडी चालू होते. हे खरं आहे. झिजलेले कार्बन ब्रश क्षणभर टेकतात. पण चालू झाली म्हणून विषय सोडू नका, त्याच दिवशी दुकान गाठा.

फिरतं, पण पकडत नाही

चावी ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज नाही, त्याचा फ्यूज आणि मेन रिले बघा. पेट्रोल गाडीत चावी ऑन होताच मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद 'घूंऽ' असा आवाज येतो. येत नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले. चावीचं किंवा कुलुपाचं चित्र भरभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही. गुच्छातल्या बाकीच्या चाव्या बाजूला काढून बघा, दुसरी चावी लावून बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात उचलत नसेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा) माझी नजर जाते, गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी हा त्रास होत असेल तर जास्तच. यापुढे स्कॅनर लागतो, अंदाजाने सुटे भाग बदलत बसू नका.

कितीही घाई असली तरी एका वेळी पाच सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर चांगली बॅटरी आणि चांगला सेल्फ दोन्ही गमवाल.

जम्पर लावताना

लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्याच केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ नको. चांगली गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग चावी मारा. काढताना उलटा क्रम.

हायवेवर ट्रकवाला थांबतो, मनापासून मदत करायला तयार असतो, पण त्याच्याकडून जम्पर घेऊ नका. ट्रकला चोवीस व्होल्ट असतात. तुमच्या गाडीचे कॉम्प्युटर एका झटक्यात जातील.

धक्का मारून चालू करायची तर गिअर दुसरा, चावी ऑन. पण बॅटरी पार मेलेली असेल तर आजची इंजेक्शनची गाडी धक्क्याने चालू होत नाही, कारण पंपाला आणि कॉम्प्युटरलाच वीज नसते. ऑटोमॅटिकला धक्का मारणं व्यर्थ.

आठ दिवसांत बॅटरी उतरली कशी?

डिकीचा दिवा. पाच वॅटचा बल्ब, साधारण ०.४ ॲम्पिअर. दिवसाला दहा ॲम्पिअर-तास. लहान गाडीची ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत संपते. डिकी नीट न लागल्याने हे होतं. मोबाइल व्हिडिओवर ठेवून डिकीत टाका, डिकी बंद करा, मग बघा दिवा विझतो का.

तसं नसेल तर गळती मोजा. मायनस टर्मिनल काढून मीटर १० ॲम्पिअरच्या भोकात लावून टर्मिनल आणि पोस्ट यांच्यामध्ये जोडा. दारं बंद, चावी लांब, आणि अर्धा तास थांबा, गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ लागतो. मीटर मध्ये असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही. ५० मिलिॲम्पिअरपर्यंत ठीक. ३०० दिसले तर दिवसाला सात ॲम्पिअर-तास जातायत. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यापाशी आकडा कोसळतो ती लाइन पकडा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा बाहेरून बसवलेलं काहीतरी निघतं, म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, ट्रॅकर, चुकीच्या वायरीतून घेतलेलं सेंट्रल लॉक.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ही गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर वर्षभर मी जे वायरिंग खोललं ते विसरणार नाही. वरून धडधाकट वायर, आत हातभर हिरवी. अशा गाडीला चावी लावूच नका. इंजिनात पाणी असेल तर सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. मायनस टर्मिनल काढा आणि गाडी टो करून न्या.

चालू झाल्यावर

बंद करायची घाई नको. मीटर परत बॅटरीवर लावा, हेडलाइट आणि पंखा लावून इंजिन जरा रेसवर ठेवा. १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, बेल्ट, ब्रश किंवा रेग्युलेटर बघावा लागेल. तसंच निघालात तर महाडपर्यंत जाल, मुंबईपर्यंत नाही. आणि चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढण्याची जुनी पद्धत कुणी करू लागला, तर त्याचा हात धरा. बॅटरी निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि कॉम्प्युटर मरतो. त्याची किंमत दहा बॅटऱ्यांइतकी असू शकते.

इतकं करूनही नाही जमलं तर तुमच्या वायरमनला फोन करा, पण "बॅटरी बसली" म्हणू नका. आवाज कसला येतो, उभी असताना किती व्होल्ट, चावी मारताना किती, आणि इंजिन ते मायनस किती, एवढं सांगा. तो योग्य सामान घेऊन निघेल, आणि एका फेरीत काम होईल.